बायकांना गोल बसवलं, त्याची गोष्ट

एका वसाहतीतल्या अठरा बायकांना मी सात आठवडे दर बुधवारी गोल बसवलं, आणि त्या तोंडातून ब्र काढत नाहीत म्हणून ‘सदस्यांमध्ये आत्मविश्वासाचा अभाव आहे’ असा अहवाल लिहिला. टाइप केला, खाली सही केली, वर पाठवलाही. अभाव होता हे खरं. तो कुणात होता आणि कशाचा होता, तेवढं माझं चुकलं.

मला निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, तरी माझं काम काय होतं हे दिल्लीतल्या आपल्या मंडळींना अजून नीट कळलेलं नाही. गणपतीच्या मांडवात भेटणारे गृहस्थ विचारतात, “आपण कुठल्या मिनिस्ट्रीत होता?”

“मिनिस्ट्रीत नाही. एका संस्थेत होतो. समूहकार्य करायचो.”

“अच्छा! म्हणजे समाजसेवा!”

“हो. पगार घेऊन.”

“अच्छा, अच्छा,” म्हणतात, आणि पहिल्या ‘अच्छा’तला निम्मा आदर दुसऱ्या ‘अच्छा’त गळून जातो.

तर थोडक्यात सांगतो. समाजकार्याच्या कॉलेजात मुख्य रस्ते तीन. एकेका माणसाला धरून त्याची अडचण सोडवायची, हा एक. अख्खी वस्ती कामाला लावायची, हा दुसरा. आणि दोहोंच्या मधला तिसरा, तो माझा : दहावीस जणांना नेमानं एका जागी आणायचं, आणि त्यांनी एकमेकांच्या आधारानं आपलं आपण काय ते ठरवायचं. माणूस डॉक्टरपुढे जे सांगणार नाही, ते शेजारून ‘अगं, माझंही अस्संच’ असं ऐकू आलं की भडाभडा सांगतो. या ‘माझंही अस्संच’वर मी तीसएक वर्षं घर चालवलं. सुनंदाच्या, म्हणजे बायकोच्या मते घर तिच्या सरकारी पगारावर चाललं आणि माझ्या पगारात माझा बसपास निघाला. ते असो.

आता त्या गोल बसवण्याचं मूळ सांगतो, कारण ती चूक मी अडाणीपणानं केली नव्हती. यशानं डोक्यात हवा गेल्यामुळे केली होती.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. दिल्लीत येऊन मला वर्षही झालं नव्हतं. करोल बागेत गच्चीवरच्या एका खोलीत आम्ही राहायचो. तिला तिकडे बरसाती म्हणतात. माझं पहिलं काम छावणीतल्या जवानांच्या बायकांचा गट चालवणं. बहुतेक साताऱ्या-कोल्हापूरकडच्या, भाषा आपली, म्हणून मला पाठवलं. तिथे गेलो तर बसण्याची पद्धत अशी : पुढच्या खुर्चीवर सुभेदारीणबाई, त्यांच्यामागे हवालदारणी, आणि पार भिंतीला टेकून शिपायांच्या बायका. मी काहीही विचारलं की सुभेदारीणबाई मागे न बघताच सांगायच्या, “आमचं समदं ठीक हाय, साहेब.” तिसऱ्या खेपेला मी खुर्ची बाहेर ठेवली आणि सगळ्यांना सतरंजीवर गोल बसवलं. गोलाला पुढचं टोक नसतं आणि मागचंही नसतं. सुभेदारीणबाई नेहमीप्रमाणे म्हणाल्या, “आमचं समदं ठीक हाय.” तर समोर बसलेली एक वीस वर्षांची शिपायाची बायको म्हणाली, “तुमचं ठीक असंल, बाई. आमच्या लाइनीत सकाळधरनं पाणी न्हाई.” आणि मग जो बांध फुटला! पुढच्या महिन्यात त्यांच्या लाइनीत, म्हणजे शिपायांच्या घरांच्या रांगेत, नवा नळ आला. मी तरंगत घरी आलो. सुनंदाला म्हटलं, “जगातल्या निम्म्या अडचणी माणसं चुकीच्या जागी बसल्यामुळे होतात.” ती म्हणाली, “मग तुम्ही त्या ओल्या टॉवेलवरून उठा.”

हे यश पिशवीत घालून मी जमनापार गेलो.

जमनापार म्हणजे यमुनेच्या पलीकडची दिल्ली. तिथे शहरातून उठवलेल्या झोपडपट्ट्यांची नवी वसाहत होती. माणसं बहुतेक पश्चिम उत्तर प्रदेशातली. वसाहतीतली एक शिवणकेंद्राची खोली बुधवारी दुपारी माझ्या गटाला मिळाली. गटात अर्ध्या सासवा आणि अर्ध्या सुना. सगळ्यांत थोरल्या अंगूरी अम्मा, हुक्का ओढणाऱ्या, गुडघेदुखीमुळे काठी घेऊन चालणाऱ्या. माझी संस्था असो, दिल्ली सरकार असो की यमराज, सगळ्यांशी त्या ‘तू’नेच बोलायच्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, “कितने बरस का है तू?”

मी होतो अठ्ठावीस वर्षांचा, आणि दिसायचो त्याहून कमी. एवढ्या पोराचं कोण ऐकणार, म्हणून मी घसा खाकरून सांगितलं, “चौंतीस.” एवढंच नाही, पुढच्या बुधवारपर्यंत मिशाही वाढवायला घेतल्या. घरी हे सांगितलं तेव्हा सुनंदानं बोटांवर हिशेब केला आणि विचारलं, “अहो, मग मी किती वर्षांची झाले?”

मी ‘चौंतीस’ म्हटल्याबरोबर सगळ्या सुनांचे घूंघट आणखी वीतभर खाली आले. माझा समज असा झाला, की हा आदर.

मग मी सगळ्यांना गोल बसवलं. छावणीतल्यासारखंच. एका बाजूला सासवा, समोर सुना, मधे मी. आणि शांतता पसरली. पंखा होता, त्याचा आवाज आला. मी विचारलं, “आप लोगों की क्या परेशानी है?” काही नाही. “कोई दिक्कत?” काही नाही. अंगूरी अम्मांनी एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं आणि म्हणाल्या, “हमारे यहाँ ऐसे तब बैठते हैं जब कोई मर जाए। कौन मरा है?”

मी हसलो आणि वहीत लिहिलं, ‘नव्या पद्धतीला सुरुवातीचा विरोध.’

तिसऱ्या आठवड्यात मी चेंडू नेला. आमच्या प्रशिक्षणात हा खेळ असतो : चेंडू कुणाकडे तरी टाकायचा, ज्याच्याकडे येईल त्यानं आपलं नाव आणि आवडीची एक गोष्ट सांगायची. भीड चेपते. मी चेंडू समोर बसलेल्या एका सुनेकडे अलगद टाकला. तिचं नाव विमलेश, अंगूरी अम्मांचीच थोरली सून. पण हनुवटीच्या खालपर्यंत घूंघट असलेल्या माणसाला चेंडू येताना दिसत नाही, हे पुस्तकात नव्हतं. चेंडू बरोबर तिच्या कपाळावर आपटला.

“वाह!” अम्मा म्हणाल्या, “बहुओं के सिर में मारने को सरकार ने गेंद भेजी है।”

घूंघटाआडून कुणीतरी फिस्सकन हसलं. सात आठवड्यांत सुनांच्या बाजूनं आलेला तो एकमेव आवाज.

एवढ्यावर भागलं असतं तर आज मी हा किस्सा नुसता हसून सांगितला असता. पण सातव्या आठवड्यात वसाहतीत अंगणवाडी सुरू होणार असं ठरलं. अंगणवाडी म्हणजे सहा वर्षांखालच्या मुलांना खाऊपिऊ घालायचं, थोडं शिकवायचं आणि त्यांच्या आयांवर लक्ष ठेवायचं असं केंद्र. चालवायला वसाहतीतलीच शिकलेली बाई हवी. ते काम बघणाऱ्या मल्होत्रा मॅडमनी मला विचारलं, “आपके ग्रुप में कोई पढ़ी-लिखी है?”

मी बुधवारी गोलात विचारलं, “जो आठवीं तक पढ़ी हैं, हाथ उठाइए।” कशासाठी ते मुद्दाम सांगितलं नाही. आमिष दाखवून माणसं पुढे आणू नयेत, त्यांनी आपणहून यावं, असं आम्हाला शिकवलेलं. एकही हात वर झाला नाही. सुरुवातीला सांगितलेल्या त्या आत्मविश्वासाच्या अहवालातच मी लिहून दिलं : या गटात शिक्षित स्त्री नाही. मॅडमनी दुसऱ्या वसाहतीतली एक बाई बघायला घेतली.

आठव्या बुधवारी माझी बस यमुनेच्या पुलावर बंद पडली आणि मी पाऊण तास उशिरा पोचलो. वाटलं, सगळ्या निघून गेल्या असणार. तर खोलीतून हसण्याचा असा गदारोळ येत होता, की मी चुकीच्या गल्लीत आलो की काय म्हणून मागे वळून पाहिलं. दार अर्धं उघडं होतं. मी भिंतीला लागून उभा राहिलो.

आत कुणीतरी वाचत होतं. शेंगदाण्यांच्या पुडीचा कागद, जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा. कुठल्याशा गावात एक सांड पोलीस चौकीत घुसला, त्याची बातमी. वाचणारी शिपायाचा आवाज वेगळा काढत होती, ठाणेदाराचा वेगळा. आणि कागद फाटल्यामुळे बातमी जिथे तुटली, तिथून पुढे स्वतःच्या मनानं रचून सांगत होती. सांडाला कोठडीत घातलं, सांडानं जामीन मागितला, इथपर्यंत ती आली होती.

“आगे पढ़, आगे!” अम्मा डोळे पुसत म्हणत होत्या.

मी डोकं आत घातलं. सगळ्या सासवा पुढे, दाराकडे तोंड करून बसलेल्या. सुना त्यांच्या पाठीमागे, घूंघट वर सारून. वाचणारी होती विमलेश.

तेवढ्यात एकीनं मला पाहिलं. “मास्टरजी आ गए! गोल हो जाओ, गोल!”

अर्ध्या मिनिटात अठरा बायका उठल्या, गोल बसल्या, घूंघट खाली आले, आणि पंख्याचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला. माझ्या गटाला शिस्त नाही असं मात्र कुणी म्हणू नये.

त्या दिवशी सगळ्या गेल्यावर मी अम्मांना थांबवलं. “विमलेश कितना पढ़ी है?”

“दसवीं पास है। सेकंड डिवीजन।” हे ‘सेकंड डिवीजन’ त्यांनी अशा ऐटीत सांगितलं, की फर्स्टवाल्यांनी लाजावं.

“अम्मा, मैंने पिछले हफ़्ते पूछा था! तब क्यों नहीं बताया?”

“तूने कहा हाथ उठाओ। मेरे मुँह के सामने बैठ के मेरी बहू हाथ उठाएगी? और तूने बताया था किसलिए पूछ रहा है? नाम लिखने वाले तो यहाँ रोज़ आते हैं। नाम लिखते हैं, फिर हमारा घर उठ जाता है।”

 मग अम्मांनी मला काठीनं सतरंजीवर रेघा ओढून समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. सुनेनं सासूसमोर तोंड उघडं टाकायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. म्हणून सासवा पुढे, सुना मागे. “हमें दिखे नहीं, बस सुनाई दे। जो सुनना हो सुन लिया, जो ना सुनना हो, ना सुना। तूने तो सबको आमने-सामने बिठा दिया। अब वो बोले तो बेशरम, और मैं सुन के चुप रहूँ तो मैं बेवकूफ़।”

एवढी बारीक रचना मी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती. आणि छावणीत ज्या रांगांनी बायकांची तोंडं बंद केली होती, त्याच रांगांमुळे इथे तोंडं उघडत होती.

“और दूसरी बात,” अम्मा म्हणाल्या, “तू ठहरा चौंतीस का। मेरा बड़ा लड़का तीस का है। तो तू सारी बहुओं का जेठ हुआ। जेठ के आगे कौन बोलती है?”

जेठ म्हणजे थोरला दीर. आपल्याकडे थोरल्या दिरापुढे पदर सावरला की झालं, बोलणं काही बंद पडत नाही. तिकडे त्याच्यासमोर सून म्हणजे मुकी. धाकट्या दिराची, म्हणजे देवराची, गोष्ट निराळी. त्याच्याशी बोलायचं, वर त्याची टिंगलही करायची.

“अम्मा,” मी खाली बघत म्हटलं, “मैं अट्ठाईस का हूँ।”

अम्मांनी माझ्याकडे पाहिलं. मिशांकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग त्यांना जे हसू लोटलं, त्यात त्यांची काठी हातातून निसटली.

दुसऱ्याच दिवशी ही बातमी सगळ्या वसाहतीत पसरली होती. मी गल्लीतून चाललो तर नळावर विमलेश घागर भरत उभी. घूंघट कपाळापर्यंत वर. पहिल्यांदाच ती माझ्याशी बोलली. “क्यों देवरजी, छह बरस कहाँ गिरा आए?”

मी लाजत लाजत तिला अंगणवाडीचं सांगितलं आणि विचारलं, “करोगी?”

तिचं हसू गेलं. घागर भरून वाहायला लागली तरी तिनं नळ बंद केला नाही. “भैया, मायके में मैं बच्चों को पढ़ाती थी। पूरा मोहल्ला भेजता था। यहाँ चार साल से मेरी पढ़ाई बस पुड़िया पढ़ने के काम आती है।” मग हळूच म्हणाली, “अम्मा से पूछ लो।”

अम्मांना विचारलं. अम्मांनी एकच प्रश्न केला, “सुबह की रोटी कौन बनाएगा?” आणि हुक्का ओढायला लागल्या. हो नाही, नाहीही नाही.

मी मल्होत्रा मॅडमकडे गेलो. त्या समोरची फाइल न मिटताच म्हणाल्या, “आपने तो लिखकर दिया है कि कोई पढ़ी-लिखी नहीं है।”

“जी, ग़लत लिख दिया।”

“कितना ग़लत?”

“पूरा।”

“तो यह भी लिखकर दीजिए।” मी तिथेच बसून स्वहस्ते लिहिलं, की माझा अहवाल संपूर्ण चुकीचा आहे आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे. उभ्या आयुष्यात मी लिहिलेला हा एकच अहवाल, ज्यात वरिष्ठांनी एका शब्दाचीही दुरुस्ती सुचवली नाही. “गुरुवार को नाम फ़ाइनल होना है,” मॅडम म्हणाल्या. “बुधवार को मैं ख़ुद आऊँगी। लड़की अपने मुँह से हाँ कहे, घरवालों के सामने। आपके कहने पर तो अब मैं घड़ी का टाइम भी नहीं मानूँगी।”

बुधवार आला. सासवा पुढे, दाराकडे तोंड करून. सुना मागे. मॅडम दारात थबकल्या. “यह ग्रुप वर्क है? मुझे तो सिनेमा हॉल लग रहा है।”  पुढे होऊन त्यांनी विचारलं, “विमलेश कौन है?”

कुणी हललं नाही.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. अम्मा दाराबाहेर बघत होत्या, जणू बाहेर जत्रा भरली आहे.  आता नाही बोलली तर माझ्या त्या सहीनं तिचं आयुष्य पुड्यांपुरतं उरलं, हे मला समोर दिसत होतं. आणि घाबरलो की मी जे करतो तेच केलं : बोलायला सुरुवात केली. शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. स्त्रीशक्ती सांगितली. छावणीतल्या नळाची गोष्टसुद्धा काढली. सुभेदारीणबाईंपर्यंत पोचलो होतो, तोच मागून स्पष्ट आवाज आला :

“मैं हूँ विमलेश। दसवीं पास। यह काम मैं करूँगी।”

 मॅडम अम्मांकडे वळल्या. “अम्माजी, आपकी बहू कह रही है...”

अम्मांनी दारावरची नजर काढली नाही. “मेरी तो पीठ है उधर। मैंने कहाँ देखा कौन बोली।” मग काठी जमिनीवर आपटून म्हणाल्या, “पर जो भी बोली, ठीक बोली। और सुबह की रोटी मैं सेंक लूँगी। घुटने ख़राब हैं मेरे, हाथ नहीं।”

विमलेशनं ती अंगणवाडी पुढे कितीतरी वर्षं चालवली. मी जमनापारच, मयूर विहारला राहायला आल्यावर अधूनमधून जायचो. मुलं तिच्यासमोर सांडाची गोष्ट तोंडपाठ म्हणायची, आणि जामिनाच्या पुढे त्या गोष्टीत आणखी बरंच काही घडलं होतं. हे सगळं गोड आहे. पण माझी खरी बोच वेगळीच. त्या दिवशी बस पुलावर बंद पडली म्हणून मला कळलं. बाकी वर्षांत माझ्या बस वेळेवर पोचल्या. पुढे गाझियाबादच्या कारखान्यातल्या कामगारांचा गट घेतला, निवृत्तांचे घेतले. त्यांतही कुणीतरी गप्प असायचं आणि मी वहीत काहीतरी लिहायचो. त्यातलं किती खरं होतं, हे मला आज कुणी विचारू नये.

त्या बुधवारचं मात्र थोडं राहिलं. मॅडम तिथेच सतरंजीवर बसून फॉर्म भरायला लागल्या. नाव, शिक्षण, पत्ता. शेवटी एका रकान्याशी थांबल्या. “यहाँ कार्यकर्ता के बारे में भी लिखना होता है,” आणि माझ्याकडे तिरका कटाक्ष टाकून त्यांनी मागे विचारलं, “बताओ विमलेश, इनसे ग्रुप को कुछ फ़ायदा हुआ?”

मी नम्रपणे पंख्याकडे बघू लागलो. मागे थोडी कुजबुज झाली, बांगड्या वाजल्या. मग विमलेशचा आवाज आला, आता अजिबात न बिचकता :

“देवरजी आदमी तो भले हैं, मैडमजी। बस बोलते बहुत हैं। ज़रा चुप बैठें, तो कोई और भी कुछ कह ले।”